कलम नऊ आणि लोखंडी दार

आम्ही एक चित्रपट केला आहे, हे वाक्य मी आजवर कुणापुढे मोठ्याने उच्चारलेलं नाही. ते माझ्या तोंडी शोभत नाही. मी चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो आणि माणसांशी बोलायचे बहुतेक प्रसंग मी तारखेच्या शिक्क्यावर निभावून नेले. तरीही चित्रपट आहे. तो चौदा मिनिटं बावन्न सेकंदांचा आहे, आणि त्यातलं पहिलं सव्वा मिनिट, हा चित्रपट आम्ही काढला असला तरी तो आमचा नाही, हे सांगण्यात जातं.

ज्या मालिकेवरून तो काढला तिचं नाव इथे लिहावं की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. मालिका ज्या कंपनीची, तिचं पत्र पुन्हा काढून वाचलं. न लिहिलेलंच बरं. मालिका कशाची होती एवढं सांगायला बहुधा हरकत नसावी, आणि असली तर मला कुणीतरी वेळीच कळवावं.

एक अवकाशयान होतं. त्याची कप्तान एक बाई होती. आणि फार फार दूरच्या एका ठाण्यावरून बिनतारी यंत्रावर त्या यानाला वाट दाखवणारा एक आवाज होता. चार वर्षं, दर गुरुवारी, तो आवाज कप्तानबाईंना सांगायचा, इकडे वळा, तिकडे वळू नका, त्या ग्रहावर उतरलात तर पस्तावाल. आवाजाचा माणूस कधीच दिसला नाही. दोनशे चौथ्या भागात यान एकदाचं त्या ठाण्यावर पोचलं. कप्तानबाई एका लांबलचक बोळातून चालत गेल्या, लोखंडी दारापुढे थांबल्या, मुठीवर हात ठेवला, आणि पडद्यावर अक्षरं आली की उरलेलं पुढच्या गुरुवारी. पुढच्या गुरुवारी त्या वेळेला गालिचे कसे धुवावेत यावर चर्चा होती. कंपनीचं आणि निर्मात्यांचं काहीतरी बिनसलं म्हणे. मालिका तिथेच संपली.

याला एकतीस वर्षं झाली.

माझी थोरली बहीण, आमची ताई, तेव्हा रुग्णालयात परिचारिका होती. गुरुवारची पाळी टाळण्यासाठी तिने चार वर्षं सहकाऱ्यांच्या किती रात्रपाळ्या अंगावर घेतल्या याची गणती नाही. "एकतीस वर्षं ती बाई दाराशी उभी आहे," ताई अजून म्हणते. "पायाला सूज आली असेल तिच्या." मेव्हणे गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, किंवा मी तिच्याकडे राहायला गेलो, घर माझं असलं तरी प्रश्न कधी नीट सुटलेला नाही. तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर आमचा एक कायमचा वाद आहे. माझं मत असं की दाराआड कुणीच नाही. खोली रिकामी आहे आणि जुनी ध्वनिफीत फिरते आहे. मला हे मत साहित्यदृष्ट्या उच्च वाटतं.

"मूर्ख आहेस," ताई म्हणते. "चौथ्या वर्षी तो आवाज एकदा खोकला होता. फीत खोकते का? आत माणूस आहे. बिचारा वाट बघत बसलाय."

गेल्या वर्षी ताईच्या डोळ्यांत काहीतरी झालं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, मध्यभागी डाग आहे, तो वाढत जाणार, सहा-आठ महिने धरून चला. घरी येताना ताई रिक्षात दांड्याला धरून बसली होती. मग म्हणाली, "वाचायचं ते तू वाचून दाखवशील. माणसं मला आवाजावरून कळतात. बाकी जगात बघण्यासारखं फार काही राहिलंय असं नाही. फक्त ते दार तेवढं बघायचं राहिलं."

ती हे सहज म्हणाली. पण सहज बोललेल्या गोष्टी मनाला लावून घेणं हा माझा जुना विकार आहे. आठवडाभर झोप नीट लागली नाही. शेवटी मी ठरवलं की ते दार आपण उघडायचं. मालिकेचा शेवटचा भाग आपण काढायचा, आणि ताईची नजर आहे तोवर तिला दाखवायचा. तिला न सांगता.

मी आयुष्यात फोटोही नीट काढलेला नाही. मी काढलेल्या फोटोंत माणसांचे पाय छान येतात. म्हणून ताईच्या दुपारच्या झोपेची वेळ साधून मी इमारतीतल्या तीन माणसांना तिसऱ्या मजल्यावर जमवलं. तिसऱ्या मजल्यावर रेडिओबाई राहतात. तरुणपणी त्या नभोनाट्यांत काम करत. अजूनही दूधवाल्याला 'आज नको' असं सांगताना त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. दुसऱ्या होत्या तळमजल्यावरच्या दंतवैद्यबाई. आणि वकीलसाहेब, ज्यांची सगळी वकिली जमीनजुमल्याच्या दस्तांत गेली.

"कप्तान मी," रेडिओबाई म्हणाल्या. "बाकीचं तुम्ही ठरवा."

"चित्रीकरण मी करते, काका," दंतवैद्यबाई म्हणाल्या. "माझा फोन दाढांचे फोटो काढायला घेतलाय. अंधारात, अडचणीत, उत्तम चालतो."

"मालकी कुणाची?" वकीलसाहेबांनी विचारलं. ते हे प्रत्येक गोष्टीबद्दल विचारतात. एकदा त्यांनी जिन्यात सांडलेल्या पाण्याबद्दल विचारलं होतं.

"मालिका कंपनीची आहे," मी म्हणालो. "तेव्हा मला वाटतं, आपण त्यांची परवानगी मागावी."



"अहो ग्रंथपाल," रेडिओबाई हळू आवाजात म्हणाल्या, म्हणजे जिन्यापर्यंतच ऐकू जाईल अशा, "लोक शेकड्यांनी काढतात असले चित्रपट. हौस म्हणून. त्या कंपनीला कुठे पत्ता असतो?"

"पण आपल्याला असतो ना," मी म्हणालो.

हे वाक्य मी का बोललो याचा मी पुढे पुष्कळ पश्चात्ताप केला. पण माझाही इलाज नव्हता. आमच्या ग्रंथालयात झेरॉक्सच्या यंत्रावर माझ्या अक्षरात एक पाटी होती, की कोणत्याही पुस्तकाच्या दहा टक्क्यांहून अधिक पानांची प्रत मिळणार नाही. एका विद्यार्थिनीला एक दुर्मिळ पुस्तक पूर्ण हवं होतं. ती तीन दिवस येत राहिली. मी तिन्ही दिवस पानं मोजून दिली. चौथ्या दिवशी ती आली नाही. त्या मुलीला नाही म्हणणारा माणूस आता स्वतःसाठी डोळेझाक करणार असेल, तर ती चौतीस वर्षं कशासाठी खर्ची घातली?

मी कंपनीला पत्र लिहिलं. आठ मसुदे झाले. नवव्यात मी ताईच्या डोळ्यांचा उल्लेख काढून टाकला, कारण तो भीक मागितल्यासारखा वाटला, आणि दहाव्यात परत घातला.

उत्तर इतक्या लवकर येईल असं मला वाटलं नव्हतं. मी शिंप्याकडे गेलो असताना ते आलं, आणि ताईने पाकीट फोडलं. घरी आलो तेव्हा ती खिडकीशी भिंग घेऊन बसली होती. आता ती ज्याच्याकडे बघायचं त्याच्याकडे बघत नसे. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं, म्हणून मान वळवून भलतीकडे बघितल्यासारखं बघे. त्यामुळे ती कपाटावर रागावली आहे असं मला आधी वाटलं.

"'आपल्या नियोजित चित्रपटासंबंधी'," ती म्हणाली. "एवढं ठळक आहे म्हणून वाचता आलं. कसला चित्रपट? कुणाचा?"

मी सगळं सांगितलं. सांगताना उभाच होतो.

ताईने भिंग खाली ठेवलं. मग म्हणाली, "दार उघडतं त्यात?"

"उघडावं असा विचार आहे."

"मग बसून वाच सगळं. मोठ्याने."

ती नियमावली होती. चाहत्यांनी हौसेखातर काढलेल्या चित्रपटांबाबत, कलमं चौदा. परवाना अधिकाऱ्यांची सही होती आणि शेवटी आपला दिवस आनंदाचा जावो असं लिहिलं होतं. मी वाचत गेलो. चित्रपट पंधरा मिनिटांपेक्षा मोठा नसावा. मालिकेचं संगीत वापरू नये. धूम्रपान नसावं. सुरुवातीला सोबत दिलेली सूचना पूर्ण दाखवावी. वाचताना माझी नजर नेहमीप्रमाणे दोन ओळी पुढे धावत होती. आठवं कलम वाचता वाचता मला नववं दिसलं.

"दहा," मी म्हणालो. "मूळ मालिकेतील चित्रफितीचा कोणताही तुकडा..."

"नऊ कुठे गेलं?"

परिचारिकेच्या हातून गोळी सुटत नाही, हे मी विसरलो होतो.

"नऊ नाहीच आहे," मी म्हणालो. "छपाईची चूक."

"एवढी मोठी कंपनी," ताई म्हणाली, "आणि नऊ गाळते." तिला खरंच वाईट वाटलं. मी पुढे वाचत राहिलो, पण काय वाचलं ते मला आठवत नाही. लोकांनी पुस्तकांतली पानं फाडलेली मी पाहिली आहेत. ते करताना त्यांना कसं वाटत असेल हे त्या दिवशी प्रथमच कळलं.

नवव्या कलमाबद्दल मी कंपनीला वेगळं पत्र लिहिलं, ताईला न सांगता. उत्तर दोन ओळींचं आलं. कोणत्याही कलमाला अपवाद करता येत नाही. आपला दिवस आनंदाचा जावो.

ताईला उद्या सांगू, असं मी रोज ठरवत होतो. तोवर बाकीची कलमं आम्हाला एकेक करून गाठत होती. पहिला बळी रेडिओबाईंचा गेला. कलम चार असं की सहभागी व्यक्ती निव्वळ हौशी असाव्यात, त्यांनी अशा कामाचा मोबदला पूर्वी कधीही घेतलेला नसावा.

"घेतला होता," रेडिओबाई म्हणाल्या. "बेचाळीस वर्षांपूर्वी. पाकिटात घालून द्यायचे." त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. "मी व्यावसायिक आहे हे आजवर नवऱ्याने मानलं नाही, सासूने मानलं नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी लेखी मानलं. तेही मला काढून टाकायला."

 मी त्यांना चहा घेता का विचारलं. आम्ही त्यांच्याच घरी होतो.

"मग कप्तान कोण?" दंतवैद्यबाईंनी विचारलं.

"मी," ताई म्हणाली. "दुसरं कोण? सगळे संवाद मला येतात. आणि पगार घेतला तो इंजेक्शनं द्यायचा घेतला, नाटकाचा नाही."

अशा रीतीने जिला चित्रपट दाखवायचा तीच त्यात गेली. आवाज मी द्यायचा असं ठरलं, कारण त्यात चेहरा दिसत नव्हता.

मग पोशाख. कलम सहा म्हणतं की मालिकेतल्या पोशाखाची नक्कल करू नये, कंपनीने अधिकृतपणे विकलेलाच वापरावा. मी विचारून घेतलं. अधिकृत पोशाखाची विक्री तेवीस वर्षांपूर्वी बंद झाली आहे. म्हणजे नक्कल करायची नाही आणि अस्सल मिळत नाही. आमच्या इमारतीखालच्या शिंप्याने मालिकेचा जुना फोटो समोर ठेवून निळ्या कापडावर खडूने आखायलाही घेतलं होतं.

"असा शिवायचा नाही," मी त्याला म्हणालो.

"मग फोटो कशाला दिलात?"

"कसा नसावा ते कळावं म्हणून."

शिंप्याने खडू खाली ठेवला. "पंचवीस वर्षं दुकानात आहे. गिऱ्हाईक फोटो आणतं, म्हणतं हुबेहूब पाहिजे, मला जमत नाही, शिव्या खातो. तुम्ही पहिले असे निघालात."

वकीलसाहेब रोज संध्याकाळी दुकानात येऊन फोटो आणि कोट शेजारी धरून तपासत. कॉलर जवळची वाटते, म्हणाले, कॉलर गेली. मग खिसे गेले. निळा रंग गेला, तपकिरी आला. चौथ्या दिवशी जे उरलं ते घालून ताई आरशापुढे मान वळवून उभी राहिली.

"ही यानाची कप्तान आहे," ती म्हणाली, "की वजनकाट्यावरची बाई?"

"साम्य शून्य," वकीलसाहेब समाधानाने म्हणाले. "न्यायालयात टिकेल."

 कोटाच्या आत शिंप्याने आपल्या दुकानाची चिठ्ठी नेहमी शिवतो तशी शिवली नव्हती, एवढं मी पाहिलं.

राहिलं दार. आमच्या ग्रंथालयाच्या तळघरात, दोन बाजूंना उंच मांडण्या असलेल्या लांब बोळाच्या टोकाला, जुन्या पुस्तकांची एक खोली आहे. तिला लोखंडी दार आहे. ते आतून उघडत नाही. आतली मूठ मोडली आहे, आणि ती दुरुस्त व्हावी म्हणून मी कार्यकारिणीला नऊ वेळा लिहिलं होतं. माझ्या जागी आलेल्या बाईंकडे मी गेलो. त्यांनी मला ओळखलं, खुर्ची दिली आणि एक अर्ज पुढे ठेवला.

"सर, तीन प्रतींत लागेल."

अर्ज मीच तयार केलेला होता. ग्रंथालयाच्या जागेत कुणी काही उपक्रम करू म्हटलं की त्याला परतवून लावायचा, या एकाच हेतूने मी तो तयार केला होता. त्यात एकवीस प्रश्न होते. सतरावा प्रश्न 'उपक्रमाचा वाचनसंस्कृतीशी असलेला थेट संबंध (किमान दोनशे शब्द)' असा होता. सतराव्याला मी स्वतः कित्येक माणसं घायाळ होऊन परतताना पाहिली होती.

मी तीन तास बसलो. एकशे चाळीस शब्द झाले. त्यातले बरेचसे खोटे होते.

नव्या बाईंनी ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "सर, साठ कमी आहेत."

"आहेत," मी म्हणालो.

"तुम्ही असता तर परत पाठवला असता."

"पाठवला असता."

त्यांनी शिक्का उचलला आणि मारला. अर्जावर नव्हे, जरा बाजूला, टेबलाच्या कागदावर. मग पुन्हा नीट अर्जावर.  माझ्या नियमाविरुद्ध वागायला लोकांना अजून इतकी भीती वाटते हे पाहून मला अभिमान वाटायला हवा होता. वाटला नाही.

ग्रंथालयाच्या साप्ताहिक सुट्टीला, सकाळी अकरा वाजता, आम्ही तळघरात उतरलो. रेडिओबाईंना कलम चारमुळे कॅमेऱ्यामागेही काम करता येत नव्हतं, म्हणून त्या एका खुर्चीवर निव्वळ प्रेक्षक म्हणून बसल्या. कुणाचा उच्चार चुकला की त्या खोकत. वकीलसाहेब निरीक्षक होते. मी दाराआडच्या खोलीत गेलो आणि त्यांनी बाहेरून दार लावलं. दाराला वर जाळी आहे, तिच्यातून आवाज जात होता. आत एक स्टूल होतं, बाद झालेल्या कार्डांचे खण होते आणि उकडत होतं. मी स्वेटर काढून मांडीवर ठेवला. दिसायचं नव्हतंच, मग बनियनवर बसायला काय हरकत होती?

"मावशी, अगदी सैल सोडा अंग," दंतवैद्यबाईंचा आवाज आला. "त्रास झाला तर डावा हात वर करा. सुरू!"

माझ्या हातात संहिता होती, पण ती मला लागली नाही. ताईला त्या अंधाऱ्या बोळातून चालत यायचं होतं, आणि समोरचं तिला दिसत नव्हतं. त्या बोळातून मी चौतीस वर्षं दिव्याशिवाय ये-जा केली आहे.

"सरळ सहा पावलं," मी जाळीतून म्हणालो. "मग उजवीकडे मांडणी पुढे आली आहे. डावीकडून या."

पावलं ऐकू आली. सहा. मग थांबली.

"आता?" कप्तानबाई म्हणाल्या. हे संहितेत नव्हतं.

"आता नऊ पावलं. हात डाव्या मांडणीवर ठेवा. चरित्रं संपली की इतिहास लागेल, तिथे जमीन जरा खाली आहे."

"आहे," ताई म्हणाली. "खाली आहे." पाऊल घसरल्याचा आवाज झाला नाही. रेडिओबाई एकदाही खोकल्या नाहीत. मग ताई अगदी जवळ, दाराच्या पलीकडे आली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मुठीवर हात पडला, लोखंड जरासं वाजलं.

"थांबा!" वकीलसाहेब ओरडले. "पुढे काही करू नका! नियमावली त्यांच्या संकेतस्थळावरही आहे, मी आत्ता बघतोय. कलम नऊ!"

"नऊ नाहीये," ताई म्हणाली. "छपाईची चूक आहे. माझा भाऊ म्हणाला."

 आता मी बोलावं अशी अपेक्षा त्या क्षणी सगळ्यांची झाली असणार हे लोखंडातूनही कळत होतं.

"आत आहेस ना?" ताईने विचारलं.

"आहे."

"नऊ म्हण."

"पत्र घरी आहे."

"तुला पाठ असेल. म्हण."

मला पाठ होतं. मी म्हणालो, "मूळ मालिकेत अनिर्णीत राहिलेल्या कोणत्याही प्रसंगाचा उलगडा चित्रीकरणात दाखवू नये अथवा सूचित करू नये."

"म्हणजे दार उघडायचं नाही."

"नाही."

"केव्हापासून ठाऊक आहे तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

माझ्या बनियनला घाम आला होता आणि हातात संहितेचा शेवटचा कागद होता. त्यावर, कप्तान मुठीवर हात ठेवते, इथपर्यंत लिहिलं होतं. पुढे मी काही लिहिलंच नव्हतं. वेळ आली की सुचेल, असं मी मनाला सांगत आलो होतो. मला आयुष्यात वेळेवर कधी काही सुचलेलं नाही.

"डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "त्यांनी काही गाळलं नाही. आता सगळं तूच वाचून दाखवणार आहेस मला. यापुढे प्रत्येक वेळी मी आकडे मोजत बसायचं का?"

"नाही," मी म्हणालो. "चुकलं माझं, ताई."

"रोज सांगणार असशील."

"रोज."

 दंतवैद्यबाई हळूच म्हणाल्या, "काका, हात मुठीवर आहे तिथपर्यंतचं आलंय. फार छान आलंय. तिथेच थांबलं तरी..."

"कायद्याने तिथेच थांबावं लागेल," वकीलसाहेब म्हणाले. "ग्रंथपालांना आपण नंतर काढू. अगदी दुसऱ्या दिशेने तोंड करून."

"वकीलसाहेब," ताई म्हणाली, "ते कलम कशाला लागू आहे म्हणालात?"

"चित्रीकरणाला."

"म्हणजे कॅमेऱ्यात येईल त्याला."

वकीलसाहेबांनी विचार केला. चाळीस वर्षं जमिनीच्या दस्तांतला एकेक शब्द तपासलेल्या माणसाने करावा तसा. "म्हणजे कॅमेऱ्यात येईल त्याला," ते म्हणाले. मग एकदम म्हणाले, "फोन बंद करा. नुसता पालथा नको, बंद. पर्समध्ये घाला. पर्स खुर्चीखाली."

पर्सची चेन लागल्याचा आवाज आला. रेडिओबाई उठल्या, त्यांची खुर्ची सरकली.

आणि मूठ फिरली.

मी गडबडीने उठायला गेलो. स्वेटर खाली पडला, चष्मा कपाळावर चढला, कार्डांचा एक खण पायाला लागून उलटा झाला आणि मृत पुस्तकांची सगळी कार्डं जमिनीवर पसरली. बनियनमध्ये, हातात कागद घेऊन, त्या कार्डांत मी उभा होतो. दारातून उजेड आत आला आणि त्यात तो तपकिरी, बिनकॉलरचा कोट.

ताई उंबऱ्यात थांबली. तिने मान उजवीकडे वळवली, थेट भिंतीकडे, आणि मला नीट बघून घेतलं. पायापासून वर. घाईत नव्हती.

"हा आहे होय," ती म्हणाली.

मी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"बोल."

"पुढचं लिहिलेलं नाही, ताई."

"इतकी वर्षं दाराआड बसून," ती म्हणाली, "याला बोलायला काही सुचलेलं नाही."

"खोली रिकामी असती तर बरं झालं असतं," मी म्हणालो. तेवढंच मला सुचलं, आणि मी ते मनापासून म्हणालो.

"मग मी रागावले कुणावर असते?"

ती कार्डं तुडवत आत आली. हाताने चाचपून तिने स्टूल शोधलं, त्यावर बसली, पाय पुढे पसरले आणि मोठा श्वास सोडला. मी तिच्याशेजारी खणांवर टेकलो. बाहेरच्या कुणाला आत यायचा धीर होत नव्हता.  खालची दोन कार्डं मी उचलून उगाच क्रमाने लावली.

थोड्या वेळाने वकीलसाहेबांनी बोळातून, तोंड दुसरीकडे करून, विचारलं, "झालं का? निघायचं ना आता?"

"थांबा हो," ताई म्हणाली. "आत्ताच तर पोचलेय मी."